नळाचं दुसरं टोक

मुलुंडला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर तानसा धरणाची पाइपलाइन जाते. माणसाहून उंच असे ते नळ लहानपणापासून बघत आले. ते येतात कुठून, हे बघायला मात्र यंदा मे महिन्यातल्या एका रविवारी पहिल्यांदा निघाले. सोबत मैत्रीण होती. तिचं माहेर शहापूर तालुक्यातलं. "पावसाळ्यात सगळेच येतात, तू मे महिन्यात ये," असं तिनेच बजावलं होतं.

ठाण्याहून कसारा लोकल पकडली. टिटवाळ्यानंतर गर्दी ओसरली आणि वासिंद सोडल्यावर करपलेल्या गवताचे डोंगर जवळ आले. आटगावला उतरून रिक्षा केली. रस्ता सागाच्या जंगलातून जातो, पण झाडांवर पान नव्हतं.

धरण लांबूनच पाहिलं. १८६० मध्ये मुंबईला विहार तलावाचं पाणी मिळालं, मग तुळशीचं. तेही पुरेना, तेव्हा शहराने थेट इथवर हात पोचवला आणि १८९२ साली तानसा उभं राहिलं. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची दगडी भिंत अजून ठाम उभी आहे. इथलं पाणी उताराच्या जोरावर मुंबईकडे वाहत जातं. पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा आलं. आज सात तलावांतून शहराला रोज ३,८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी मिळतं आणि त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं असतं. भातसा, तानसा दोन्ही याच शहापूर तालुक्यात.

तिथून मैत्रिणीच्या ओळखीच्या एका पाड्यावर गेलो. विहिरीभोवती हंडे रांगेने मांडलेले होते, बायका करंजाच्या सावलीत बसलेल्या. दुपारी दीडला टँकर आला आणि त्याने विहिरीत पाणी सोडलं. खडकावर आपटून ते गढूळ झालं. ते निवळायची वाटही कुणी बघितली नाही, सगळ्यांचे पोहरे एकदमच खाली गेले. घरटी सहा हंडे असं पाड्याने आपसांत ठरवलं होतं.

एका मावशींनी घरी नेलं. तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनी टोपात काढून ठेवलं. राखेने घासलेली भांडी आधी त्यात खळबळली आणि मग तांब्याभर चांगल्या पाण्यातून काढली. उरलेलं दुधीच्या वेलाच्या बुडाशी गेलं. एक थेंब जमिनीवर सांडला नाही. मला प्यायला पाणी दिलं, ते मात्र तांब्या काठोकाठ भरून. माझ्या घशाखाली ते उतरेना.

"ताई, तुमच्याकडं पानी कवा येतं?"

"दिवसभर असतं."

"बरं हाय," एवढंच म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

हा काही मराठवाडा नाही. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मराठवाड्याच्या तिप्पट. पण खाली काळा कातळ, वर उतार. पाणी मुरत नाही, ओढ्यांनी निघून जातं. जे अडवलं, ते आमच्यासाठी. सरकारी मापानेही खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर आणि शहरातल्याला १३५. तहान काय वेगळी असते? हा हिशोब मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

संध्याकाळी घरी आले. स्वयंपाकघरात आरओचं यंत्र चालू होतं. पालिकेचं पाणी मुळातच कमी क्षारांचं, तरी शेजारपाजारी आहे म्हणून आम्हीही बसवलेलं. त्याची सांडपाण्याची नळी सिंकमधून उचलून मी पहिल्यांदाच बादलीत सोडली. यंत्राची आठ लिटरची टाकी भरेपर्यंत सोळा लिटरची बादली काठोकाठ भरली. म्हणजे मावशींचा एक हंडा, वर थोडं जास्तच.

यंत्र बसवून नऊ वर्षं झाली.