व्हिस्की वाकडी पडते तेव्हा

'द एक्स्पान्स' ही माणूस अवकाशात वस्ती करून राहतो त्या भविष्यातली सायन्स फिक्शन सिरीज २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, तीन सीझननंतर चॅनेलने बंद केली, मग ॲमेझॉनने उचलली आणि २०२२ च्या जानेवारीत सहाव्या सीझनला संपली. मी ती हल्ली परत बघतोय, यावेळी सोबत बारावी सायन्सची भाची आहे, त्यामुळे दर पाच मिनिटांनी पॉज. पण खरं सांगू का, या पॉजमुळेच मजा येतेय.

नेटवर कुठेही जा, या सिरीजचं एकच कौतुक, की सायन्स एकदम करेक्ट आहे. शो चालवणारा नरेन शंकर हा कॉर्नेलमधून ॲप्लाइड फिजिक्समध्ये पीएचडी केलेला माणूस, त्यामुळे बरंचसं खरंही आहे ते. पण मला विचाराल तर जिथे सिरीज चुकते किंवा थोडी फेकते ना, तिथे जास्त शिकायला मिळतं, कारण मग कागद पेन घ्यावाच लागतो.

आता सुरुवातीच्याच भागांतला तो फेमस शॉट घ्या. सेरीस नावाच्या लघुग्रहाच्या पोटात वस्ती आहे, तिथला मिलर नावाचा पोलीस बाटलीतून ग्लासात व्हिस्की ओततो आणि धार सरळ न पडता बाजूला वळून पडते. काही डायलॉग नाही, कोणी समजावत नाही, नुसती वाकडी धार. भाची म्हणाली मामा थांब थांब, मागे घे.

तर कथेत असं आहे की सेरीसला गरागरा फिरवलंय म्हणजे आतल्या लोकांना पृथ्वीच्या ०.३ पट ग्रॅव्हिटी मिळते. बारावीच्या फिजिक्सच्या पहिल्याच धड्यात मौत का कुआं आहे, तेच हे, भिंत तुम्हाला आत ढकलत राहते आणि तुम्हाला वाटतं आपण भिंतीवर दाबले जातोय. फक्त इथे ती भिंत म्हणजे जमीन. म्हणजे सेरीसवर लोक केंद्राकडे डोकं आणि पृष्ठभागाकडे पाय करून राहतात, "खाली" म्हणजे बाहेर. आणि फिरणाऱ्या जागेत पडणारी वस्तू आतल्या माणसाला वळताना दिसते, तो कोरिऑलिस इफेक्ट. इथपर्यंत सिरीज शंभर टक्के बरोबर.

मग भाचीनेच विचारलं, किती वळेल?

सेरीसचा व्यास साधारण ९४० किमी, म्हणजे त्रिज्या ४७० किमी. त्याची स्वतःची ग्रॅव्हिटी पृथ्वीच्या जेमतेम ३ टक्के, ती आतल्या बाजूला ओढते, तीही आधी भरून काढायची आणि वर ०.३ द्यायची. हिशोब केला तर सेरीसला साधारण ४० मिनिटांत एक फेरी मारावी लागते (खरा सेरीस एका फेरीला ९ तास घेतो). ४० मिनिटांत एक फेरी म्हणजे ऐकायला जबरदस्त, पण व्हिस्कीच्या दृष्टीने ते एकदम संथ. धार २० सेंटीमीटर खाली पडायला ०.३७ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती किती सरकते तर ०.१३ मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षा जरा जास्त. म्हणजे मिलरला काही म्हणजे काही दिसलं नसतं!

हेच १० मीटर त्रिज्येचं छोटं चाक फिरवून पूर्ण १ जी, म्हणजे पृथ्वीएवढी ग्रॅव्हिटी, काढला असता, तर तीच धार अडीच सेंटीमीटर सरकली असती आणि व्हिस्की टेबलावर. म्हणजे जागा जितकी लहान तितका कोरिऑलिसचा त्रास मोठा. म्हणूनच फिरत्या स्टेशनचे खरे आराखडे करणारे लोक मिनिटाला दोन फेऱ्यांच्या आसपास थांबा म्हणतात, त्याहून जोरात फिरवलं तर डोकं वळवलं की मळमळायला लागतं, आणि दोन फेऱ्यांत १ जी हवा असेल तर त्रिज्या येते २२४ मीटर. एका खोट्या शॉटवरून आम्ही इथपर्यंत आलो, तेवढ्यात जेवायला हाक आली.

पण सेरीसची खरी गोची वेगळीच आहे. ४० मिनिटांत फेरी म्हणजे विषुववृत्तावर जमिनीचा वेग सेकंदाला १.२ किमी, आणि सेरीसवरून कायमचं निसटायला लागतो सेकंदाला अर्धा किमी. म्हणजे वरची प्रत्येक सुटी गोष्ट, माती, दगड, बर्फ, भुर्रकन अवकाशात. लघुग्रह म्हणजे बरेचदा आपापल्या ग्रॅव्हिटीने कसेबसे धरून ठेवलेले दगडांचे ढीग, आणि खरोखर मोजमाप केलं तर दोनशे-तीनशे मीटरहून मोठे लघुग्रह साधारण सव्वादोन तासांपेक्षा जलद फिरताना जवळपास सापडतच नाहीत, फिरले तर फुटतात. सेरीसला बळंच ४० मिनिटांवर आणलं तर त्याचाही भुगाच. राहायचंच असेल तर सेरीस न फिरवता त्याच्या आत एक भलंमोठं चाक बसवून ते फिरवणं परवडेल, पण मग कथेतली ती बोगद्यांची गचाळ वस्ती गेली, आणि ती वस्ती मला फार आवडते, त्यामुळे माफ.

जहाजांच्या बाबतीत मात्र सलाम. इथे जहाजात ग्रॅव्हिटीचं कुठलंही जादूचं बटण नाही. मजले एकावर एक, इंजिन सगळ्यात खाली, इंजिन चालू असेल तर पाय जमिनीला, बंद झालं की सगळे तरंगायला लागले. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, मग जहाज उलटं करायचं आणि उरलेली अर्धी वाट ब्रेक. ०.३ जी ने सतत असं गेलं तर १५ कोटी किमी, म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर, फक्त पाच-सव्वापाच दिवसांत होतं. आपलं मंगळयान १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वीची कक्षा सोडून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाला पोचलं, जवळजवळ तीनशे दिवस, कारण ते बराचसा वेळ इंजिन बंद ठेवून नुसतं वाहत जात होतं. त्याच्या १,३३७ किलोंपैकी ८५२ किलो तर इंधनच होतं.

आणि त्या पाच दिवसांच्या प्रवासात मधोमध वेग असतो सेकंदाला ६६० किमी. माणसाने बनवलेली सगळ्यात वेगवान वस्तू म्हणजे पार्कर सोलर प्रोब, २०२४ च्या डिसेंबरमध्ये सूर्याजवळून १९२ ने गेलं, तेही सूर्यानेच ओढलं म्हणून. आजच्या रासायनिक रॉकेटने हा पाच दिवसांचा प्रवास करायचा तर इंधनाचा आकडा विश्वातल्या अणूंच्या संख्येपेक्षा मोठा येतो, मी दोनदा तपासलं. म्हणून सिरीजवाल्यांनी एपस्टाइन ड्राइव्ह नावाचं फ्यूजन इंजिन काढलंय, ते कसं चालतं हे सांगत नाहीत, आणि शहाणपणा केलाय.

दुसऱ्या सीझनमध्ये त्या एपस्टाइनची गोष्ट येते. मंगळावरचा हा गडी आपल्या छोट्या यानाचं इंजिन सुधारतो, चालू करतो, आणि ते त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावतं. तो खुर्चीत चेपला जातो, हात उचलून बटणापर्यंत नेताच येत नाही. बटण समोर आहे. हात जड झालाय. इंजिन काही थांबत नाही. राक्षस नाही, एलियन नाही, न्यूटनचा दुसरा नियम माणूस मारतो! भाची इथे पॉज मागायची विसरली.

बेल्टर, म्हणजे कथेतल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. पिढ्यानपिढ्या कमी ग्रॅव्हिटीत वाढलेले, उंच, बारीक, ठिसूळ हाडांचे, आणि पहिल्या सीझनमध्ये एकाला पृथ्वीवर आणून नुसतं लटकवून ठेवतात, इथली ग्रॅव्हिटी हाच छळ. स्पेस स्टेशनवर राहणाऱ्यांची खुब्याची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात, म्हणून रोज दोनेक तास व्यायाम सक्तीचा, आणि मणका ताणला जाऊन उंचीही थोडी वाढते. पण जन्मापासून कमी ग्रॅव्हिटीत वाढलेलं मूल अजून झालेलंच नाही, त्यामुळे बेल्टर असेच दिसतील ही लेखकाची कल्पना. चांगली आहे, पण कल्पनाच.

माझी मोठी तक्रार एकच आहे, रेडिएटर. एवढं प्रचंड इंजिन, त्याची उष्णता जाणार कुठे? अवकाशात हवा नाही, वारा नाही, उष्णता फक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकता येते आणि त्याला मोठाले पंखे लागतात, म्हणजे फिरणारे नाही, पसरलेले पत्रे. स्पेस स्टेशनच्या फोटोत ते पांढरे पत्रे दिसतात बघा. सिरीजमधल्या मुख्य जहाजावर, रोसिनांतेवर, एकही नाही. दिसायला देखणं जहाज, पण पहिल्याच दिवशी आतले सगळे भाजून निघाले असते.

बघायला घेणार असाल तर पहिले तीन भाग जरा रेंगाळतात, माणसंही खूप आहेत, कोण कुठला ते लक्षात राहत नाही. चौथ्या भागापर्यंत धीर धरा, तिथे पहिली मोठी लढाई आहे, भिंतींना आरपार भोकं पडतात आणि हवा बाहेर जायला लागते, त्यानंतर कोणी सोडत नाही.