कापिकुलेच्या अलीकडे आणि पलीकडे

तुर्कस्तान १९९९पासून युरोपीय संघाचा उमेदवार आहे. शेजारचा बल्गेरिया २००७मध्ये सभासद झाला. ही दोन नावं झाकून मला इस्तंबूल आणि बल्गेरियातलं प्लोवदिव दाखवलं असतं, तर सभासद तुर्कस्तानच, असं मी पैजेवर सांगितलं असतं. इस्तंबूलला समुद्राखालून जाणारी मार्मराय रेल्वे, गावाएवढा विमानतळ. प्लोवदिवच्या उपनगरात साम्यवादी काळातल्या पोपडे निघालेल्या चाळवजा इमारती.

गोम कळली ती एदिर्नेत, सरहद्दीच्या अलीकडे. तिथली तळलेली कलेजी प्रसिद्ध, म्हणून बसलो. मेन्यूकार्डावर किमतीच्या जागी स्टिकर आणि त्याच्याखाली आणखी एक. ऑक्टोबर २०२२मध्ये इथली महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती. कार्ड नव्याने छापणं परवडणार कुणाला? (कलेजी मात्र झकास.)

पुढे कापिकुलेच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर ट्रकांची न संपणारी रांग. १९९६पासून तुर्कस्तान आणि संघ यांच्यात सीमाशुल्क करार आहे, त्यामुळे कारखान्यातला माल जकातीशिवाय जातो. पण माल नेणाऱ्या ड्रायव्हरला व्हिसा लागतो! फ्रिजला युरोप मोकळा आणि चालकाला बंद, हा अर्धवट सभासदत्वाचा प्रकार मला सगळ्यात अन्यायाचा वाटला. सभासदत्वाच्या वाटाघाटींच्या ३५ प्रकरणांपैकी आजवर एकच मिटलंय, विज्ञान-संशोधनाचं, आणि तेही तात्पुरतं.

प्लोवदिवमध्ये दुकानोदुकानी लेव्ह (बल्गेरियाचं चलन) आणि युरो अशा दोन किमती लावलेल्या. जानेवारी २०२६पासून युरो येणार होता, त्याची ही तयारी. दर ठरलेला, एका युरोला १.९५५८३ लेव्ह. खरं तर १९९७च्या भयंकर महागाईनंतर लेव्ह आधी जर्मन मार्कला आणि मग युरोला बांधला गेला. म्हणजे ही शिस्त सभासदत्वाच्या दहा वर्षं आधीची. तिचं श्रेय ब्रुसेल्सला, म्हणजे संघाला, देण्यात अर्थ नाही. सभासदत्वाने दिली ती मोकळी वाट, आणि त्या वाटेने आणखी माणसं गेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नव्वद लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या आता पासष्ट लाखांच्या आसपास आलीये.

आमच्या घरमालकीणबाईंची दोन्ही मुलं जर्मनीत. त्यांच्याच खोल्या त्या पाहुण्यांना देतात. युरोवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दही, पाव, चीज यांचे भाव त्यांनी वहीत तारीखवार उतरवून ठेवले होते. "जानेवारीत वही घेऊनच दुकानात जाणार," म्हणाल्या, "एक सेंट जास्त लावू दे, मग बघते त्याच्याकडे!"