गंगेवरची संध्याकाळ

अनंत चतुर्दशीला आमचं भजनी मंडळ नाशिकच्या गोदाघाटावर निर्माल्य गोळा करायला उभं राहतं; गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. माझं हे सहावं वर्ष. हारातला दोरा, थर्माकोलचे मणी, प्लॅस्टिकची फुलं हातानंच काढावी लागतात, नाहीतर खत होत नाही. झेंडूचा वास बोटांतून दोन दिवस जात नाही.

एक आजोबा पिशवी सोडेनात. "देवाचं आहे, पाण्यातच जाऊ दे." आमच्या काकू म्हणाल्या, "बाबा, गंगा पण देवच ना?" त्यांनी क्षणभर पाण्याकडे पाहिलं आणि पिशवी दिली.

इथून काळाराम मंदिर चालत काही मिनिटांवर. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, आणि सत्याग्रहींना दार बंद मिळालं. पंचवटीत वाढलेल्या मला हे विसरता येत नाही. म्हणून मंडळाच्या बैठकीत मी हट्टच धरला, की या कामाला भक्त असण्याची अट नको. यंदा बुद्धविहारातली चार मुलं आली, आणि टेम्पो मशिदीजवळच्या चाचांनी भाड्याशिवाय आणला. रात्री अकराला शेवटची खेप गेली, तेव्हा त्यांनीच ताडपत्री घट्ट बांधली.