मे महिन्यात गरम पाणी

भर मे महिन्यात गरम पाण्याच्या कुंडांची सहल काढायची, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा भाचीने आधी पंख्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिचं काही चुकलं नव्हतं. अंगाची काहिली होत असताना मुद्दाम कढत पाण्यात कोण जाऊन बसतं? पण डिसेंबरात कुणाचा क्लास असतो, कुणाची परीक्षा, आणि लग्नं तर पाचवीलाच पुजलेली. आपल्याकडे हिंडायचं ते मे महिन्यात. मग हिमालय असो नाहीतर कुंड.

त्याचं झालं असं, की दुपारी झोप येईना म्हणून मी नकाशा उघडून बसलो होतो. हा माझा जुना चाळा. जायचं कुठेच नसतं, पण किती वाजता निघायचं आणि जेवायला कुठे थांबायचं हे पक्कं ठरलेलं असतं. तर वरून सुरुवात केली. पालघरकडे कोकनेर, सातिवली. मग तानसेच्या काठचं वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी. पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सावित्रीच्या काठी सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी अगदी शेजारीशेजारी, आणि शेवटी राजापूरचं उन्हाळे. पेन्सिलीने ठिपके जोडत गेलो तर सगळे जवळपास एका रेघेत. डावीकडे समुद्र, उजवीकडे सह्याद्री, मधून ही कढत पाण्याची माळ. सहल कुणीतरी आधीच आखून ठेवलेली. आपण फक्त गाडी आणायची.

लहानपणी मला वाटायचं, खाली ज्वालामुखी आहे आणि आपण त्याच्यावर टॉवेल घेऊन उभे आहोत. ते तसं नाही हे कळल्यावर जरा वाईटच वाटलं. सह्याद्रीचा दगड लाव्हाचा खरा, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याची ऊब कसली राहतेय! होतं ते एवढंच, की पावसाचं पाणी भेगांमधून खोल खोल उतरतं, पोटातल्या उष्णतेने तापतं आणि जिथे दुसरी भेग सापडेल तिथून वर येतं. उन्हवऱ्याला तर ते ७० अंशांच्या आसपास असतं. कोकणात धो धो कोसळलेल्या कुठल्यातरी जुन्या पावसात आपण पाय बुडवून बसलेलो असतो. भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग पावसाळ्यातच जाऊ या ना, थेट."

आमच्या घराण्यात या कुंडांविषयी एक परंपरा आहे. ती म्हणजे न थांबण्याची. गावाला जाताना एसटीच्या खिडकीतून आरवली गेली, तुरळ गेलं, की वडील बोट दाखवून सांगायचे, "इथे गरम पाण्याचे झरे आहेत हं." आम्ही माना वळवून बघायचो. दिसायची ती करवंदाची जाळी आणि एखादी म्हैस. कशेडी घाटात पोटातलं सगळं बाहेर काढून, हातात आलेपाकाची वडी धरून बसलेल्या मुलांना झऱ्यांचं तसं काही पडलेलंही नसायचं. थांबायचं का, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "येताना थांबू." येताना सीटखाली आंब्याच्या पेट्या, मांडीवर फणस आणि सोमवारची शाळा. पुढे गाड्या आल्या, महामार्गाचा १७ चा ६६ झाला, कशेडीला बोगदा झाला. "येताना थांबू" मात्र जागचं हललं नाही.

एकदाच काय ते ठरवून गेलो, ते वज्रेश्वरीला, आजीच्या गुडघ्यांसाठी. वडील देवळाच्या पायऱ्यांवर थांबून चिमाजी अप्पांचा नवस, १७३९ ची वसईची लढाई असं सगळं सांगत होते आणि आजी म्हणत होती, "ते राहू दे, पाणी कुठाय?" कुंडाशी पोचल्यावर तिने लुगड्याचा ओचा सावरला, खाली वाकली आणि हाताचा कोपर पाण्यात बुडवला. तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसा. मग एक पाऊल. मग "अगं आई गं". मग दुसरं पाऊल. मग इतका वेळ काहीच नाही, की आई घाबरून "बऱ्या आहात ना?" असं दोनदा विचारून आली. परतताना गाडीत सगळ्यांच्या टॉवेलांना गंधकाचा वास, आणि आजीच्या पायातली चांदीची जोडवी पार काळी ठिक्कर! ती घरी येऊन रांगोळी आणि चिंच लावून घासत बसली. गुडघे जरा हलके झालेत म्हणाली. ते पाण्याने झाले की आम्ही सगळे तिच्यासाठी निघालो होतो म्हणून, कोण जाणे. जोडवी काही पूर्वीसारखी लखलखीत झाली नाहीत.

तेव्हापासून माझं एक मत आहे. कुंडात पोहू नये. उड्या तर मारूच नयेत. साबण लावणाऱ्याला आणि शांपूची पुडी फाडून तिथेच टाकणाऱ्याला बाहेर काढून उन्हात उभं करावं. गुपचूप गळ्यापर्यंत बसावं, कुणाशी बोलू नये आणि बाहेर आल्यावर लिंबू सरबत प्यावं. मे महिन्याची खरी मजा तिथे आहे. त्या पाण्यातून बाहेर आलं की ३८ अंशांची हवा चक्क गार लागते. हे भाचीला पटलेलं नाही. अनुभवाशिवाय पटणारही नाही.

राजापूरला पोचेपर्यंत गंगा, म्हणजे तिथले मधूनच आपसूक वाहू लागणारे झरे, आलेली असली तर उत्तमच. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण हल्ली तीही आपल्या मर्जीने येते-जाते. चौदा कुंडं आहेत, उन्हाळे गावचा झरा तिथून जवळच. भाचीने मोबाइलवर गंगेची वेळ शोधली. सापडली नाही.

बाकी तयारी झाल्यात जमा आहे. मावशीला गुडघ्यांमुळे पुढची सीट हवी आहे, मेहुण्यांना उंचीमुळे. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आहेत. एसीची खोली मिळाली नाही तर भाची येणार नाही, आणि ती आली नाही तर गाडी चालवणार कोण, हा प्रश्न आहेच. निघायची वेळ मात्र एकमताने पहाटे चारची ठरली आहे. म्हणजे साडेसातपर्यंत निघू.