कुत्र्याला धीर शिकवताना

माझे काका भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. १९९० साली ते निवृत्त होऊन साताऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले आणि घरात एक नियम कोणी न सांगताच रुजला: काका झोपलेले असताना त्यांच्या जवळ जायचे नाही. काकू उंबऱ्याशी उभ्या राहून हाक मारत आणि हाकेने जाग आली नाही, तरच काठीच्या टोकाने त्यांच्या पायाला हलकेच स्पर्श करत. रात्री काका ओरडत उठले, की आजी म्हणायची, "लढाईवरून आलेला माणूस आहे, असायचंच." त्या ओरडण्याला काही नाव आहे आणि त्यावर उपचार असतात, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते.

ती काठी मला पुन्हा आठवली, ती इथे अमेरिकेत, सॅन होजेमध्ये, आमच्या शेजाऱ्यांमुळे. ते इराकमध्ये दोनदा जाऊन आलेले अमेरिकन माजी सैनिक असून त्यांच्याबरोबर एक काळी लॅब्राडोर कुत्री असते. पहिल्या भेटीत मी तिला कुरवाळायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी मला नम्रपणे थांबवले आणि ती आत्ता कामावर आहे असे सांगितले. पुढे ओळख वाढल्यावर मी विचारले, की तिचे सर्वांत मोठे काम कोणते. "मला उठवणं," ते म्हणाले. झोपेत त्यांचा श्वास वाढला, हातपाय झाडले जाऊ लागले, की ती पलंगावर चढून त्यांचा हात चाटते आणि ते जागे झाले, की आपला सगळा भार त्यांच्या छातीवर टाकून पडून राहते. काकूंना जे काठीच्या अंतरावरून करावे लागे, ते ही कुत्री अंगाला अंग लावून करते.

आघातानंतरच्या या तणावविकाराला, म्हणजे पीटीएसडीला, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली स्थान मिळाले आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. दुःस्वप्ने, सतत सावध राहणे, गर्दी टाळणे आणि जवळच्या माणसांविषयीही काही न वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. सेवाश्वान, ज्याला इथे सर्व्हिस डॉग म्हणतात, नेमक्या या लक्षणांसाठी ठरावीक कामे शिकलेला असतो. मालकाचा पाय सारखा हलू लागला किंवा मुठी आवळल्या गेल्या, की तो नाकाने ढोसून त्याचे लक्ष स्वतःकडे ओढतो. दुकानातल्या रांगेत तो मालकाच्या मागे उभा राहतो, म्हणजे पाठीशी कोण आले हे पाहायला त्याला वारंवार वळावे लागत नाही. या शेवटच्या कामाबद्दल काही मानसोपचारतज्ज्ञांचा आक्षेप आहे, की पाठ राखणारा कुत्रा 'पाठीमागे धोका आहे' हीच समजूत पक्की करतो. मला हा आक्षेप रास्त वाटतो. पण जो माणूस एरवी दुकानात गेलाच नसता, तो त्या कुत्र्याच्या भरवशावर निदान रांगेत उभा राहतो, हेही तितकेच खरे आहे.

केवळ सोबतीने धीर देणाऱ्या पाळीव कुत्र्याला अमेरिकी कायदा सेवाश्वान मानत नाही. सेवाश्वानाला मात्र दुकानात, उपाहारगृहात प्रवेश असतो आणि तिथले कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. आजार कोणता, हे विचारण्याचा त्यांना अधिकार नाही.

सरकार मात्र बराच काळ साशंक होते. माजी सैनिकांच्या खात्याने २०१२ साली कुत्र्यांच्या वैद्यकीय खर्चाचा नियम केला, तेव्हा अंध, बधिर आणि हालचाल करण्यात मोठी अडचण असलेल्यांचा त्यात समावेश झाला, मानसिक आजारांचा झाला नाही. पुढे त्याच खात्याने सेवाश्वान आणि सोबतीचे कुत्रे यांची तुलना केली. दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पीटीएसडीच्या लक्षणांत सेवाश्वान मिळालेल्यांना थोडा अधिक आराम पडला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात १५६ जण होते. त्यांपैकी ८१ जणांना कुत्रा मिळाला होता आणि ७५ जण प्रतीक्षायादीत होते. तीन महिन्यांनंतर कुत्रा मिळालेल्यांमध्ये पीटीएसडीचे निदान कायम राहण्याची शक्यता बरीच कमी आढळली. हे सर्वजण नेहमीचे उपचारही घेत होते, म्हणजे कुत्रा हा औषधाला किंवा समुपदेशनाला पर्याय नव्हता, हे विसरून चालणार नाही.

मला सर्वाधिक भावली ती याच परिसरात, मेन्लो पार्कच्या माजी सैनिक रुग्णालयात २००८ साली सुरू झालेली रीत. तिथे पीटीएसडी असलेल्या सैनिकांना कुत्रा देण्याऐवजी, दुसऱ्या जखमी सैनिकासाठी पिल्लू तयार करण्याचे काम दिले गेले. बसचा कर्कश भोंगा वाजला, की पिल्लू दचकते. त्या वेळी शिकवणाऱ्याने स्वतः न दचकता त्याला खाऊ द्यायचा असतो आणि 'काही झालं नाही' हे त्याला पटेल अशा आवाजात सांगायचे असते. ज्या माणसाला भोंग्याने घाम फुटतो, त्यालाच हे शांतपणे, पुन्हा पुन्हा करावे लागते. शिवाय कौतुक लाडिक, उत्साही आवाजात केल्याशिवाय पिल्लाला ते कळत नाही. हुकमी किंवा सपाट सुरात बोलण्याची सवय जडलेल्या माणसाला तो आवाज स्वतःत शोधावा लागतो, आणि एकदा सापडला, की तो घरी मुलांशी बोलतानाही उपयोगी पडतो. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेत झालेल्या कायद्याने प्रशिक्षणातून उपचाराच्या या कल्पनेला पाच वर्षांच्या प्रयोगाचे रूप दिले आणि त्यासाठी निवडलेल्या पाच केंद्रांत मेन्लो पार्कजवळच्याच पालो आल्टोचा समावेश आहे.

गेल्या महिन्यात मी हे सारे काकांना फोनवर सांगितले. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले आणि मग एवढेच विचारले, "कुत्रं म्हातारं झालं, की त्या माणसानं काय करायचं?" मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी शेजाऱ्यांना विचारले. त्यांची कुत्री आता नऊ वर्षांची आहे आणि पलंगावर चढताना तिचे मागचे पाय थरथरतात. नव्या कुत्र्यासाठी त्यांनी अर्ज केला आहे; तो आला, तरी ही घरातच राहील आणि तिच्यासाठी त्यांनी पलंगाशेजारी दोन पायऱ्यांचा लाकडी चौरंग करून घेतला आहे. काकांना मी ते कळवले. चौरंगाची उंची किती ठेवली, हे त्यांनी पुन्हा विचारून घेतले.