बाल्कनी ऑफलाइन

काल तिन्हीसांजेला बाल्कनीत मेथी निवडत बसले होते आणि दिवा गेला. हॉलमधला पंखा फिरत होता, म्हणजे लाइट गेली नव्हती. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर चिन्मय: 'आई, बाल्कनीतला दिवा राहिला होता, बंद केला.'

बंगळुरूहून.

'बरं' लिहिलं आणि मेथी घेऊन आत आले. पुन्हा लाव म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

मग रात्री डोक्यात तेच. त्याला दिवा दिसतो, दिव्याखाली बसलेली बाई दिसत नाही. त्याचा तरी काय दोष, ॲपला चालू की बंद एवढंच कळतं. सगळं समजतं मला. तरी आधी एक फोन करून, 'बाल्कनीत आहेस का गं'... जाऊ दे.

दिवाळीत हे फोनवरून चालणारे बल्ब त्यानेच बसवले. उजेडाच्या रंगाचा आकडा 2700 केल्विन ठेवला की पिवळे, 6500 ला पांढरेफटक. बटणांवर चिकटपट्टीने चिठ्ठ्या: 'बंद करू नये'. बटण बंद केलं की बल्बचं वायफाय तुटतं, मग तो फोनचं ऐकत नाही. म्हणजे बटण कायम चालू, आणि विझलेला दिसला तरी तो आत थोडी वीज खात जागाच. मध्यंतरी रात्री लाइट जाऊन आली, तर सगळ्या खोल्या एकदम लख्ख. हे दचकून उठले, 'कोण आहे?'

हॉलमधला तर सूर्यास्ताला आपला आपण लागतो. पूर्वी बटण दाबलं की हात आपसूक जोडले जायचे. आता तो लागतो तेव्हा मी कणीक मळत असते. पिठाचेच जोडते. सासूबाई असत्या तर...

दिव्याचं बटण ते काय, पण घरात अंधार पडला हे आधी मला कळायचं. आता मला फोनकडून कळतं. आणि उजेड नको हे बंगळुरूला ठरतं.

असो. आज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून नऊ वॅटचा साधा एलईडी आणून बाल्कनीत लावून घेतला. तिथली चिठ्ठीही काढली, डाग राहिलाय. ॲपमध्ये बाल्कनी 'ऑफलाइन' दिसत असणार. काय झालं म्हणून विचारायला तरी फोन करेल.

स्वयंपाकघरात मी त्याला तेव्हाच शिरू दिलं नव्हतं. तिथली ट्यूब स्टार्टरच्या मर्जीने दोनतीनदा लुकलुकते आणि मग लागते, आम्हा दोघींना घाई नसते.

बेडरूममधला मात्र काढणार नाही. पडल्यापडल्या फोनवरून बंद करता येतो, आणि गुडघे केव्हाच चिन्मयच्या बाजूला गेलेत.