आतेभावाने आणलेली साल

गेल्या पावसाळ्यात माझा आतेभाऊ आंबोलीकडच्या गावाहून एका पिशवीत झाडाची साल घेऊन आमच्या सावंतवाडीच्या घरी आला. दादाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर तेव्हा कोल्हापूरला केमो चालू होती. तिसरी सायकल संपवून तो चारच दिवसांपूर्वी परतला होता आणि माजघरात झोपून होता.

"कॅन्सरवरचा झाड ह्या," आतेभाऊ हळू आवाजात म्हणाला. "मोबाईलार वाचलंय मी. उकळून सकाळी पाज गो तेका."

सालीबरोबर चार-पाच पानंही होती. एक पान चुरडून नाकाशी नेलं आणि ओळख पटली. नरक्या.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे तेव्हा दरवर्षी जुलैत मुलांना घेऊन मी आंबोलीच्या जंगलात जात असे. धुक्यात झाड दिसायच्या आधी वास यायचा. नरक्या फार उंच होत नाही. पानं मोठी, फांदीच्या टोकाशी दाटीने आलेली, आणि पानं गळाली की देठांचे वण सालीवर ठसठशीत उरतात. फुलं बारीक, पिवळसर पांढरी, झुबक्यांनी येणारी. दिसायला साधी, पण त्यांना अशी दुर्गंधी की मुली ओढणी नाकाला लावायच्या. दिवाळीनंतर लांबट फळं पिकून जांभळी-काळी होतात, प्रत्येकात एकच बी. झाडाचं जुनं शास्त्रीय नावही या घाणीवरूनच पडलं होतं, मॅपिया फीटिडा. आता त्याला नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. जॉन ग्रॅहमने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी केली, ती छापून व्हायच्या आतच १८३९ साली तो वारला, आणि निम्मो नावाच्या त्याच्या स्नेह्याने ती पुरी केली. हे नाव त्या निम्मोचं. झाड मात्र सह्याद्रीपुरतं नाही. श्रीलंकेत आहे, आग्नेय आशियातही आहे.

आतेभाऊ खोटं सांगत नव्हता, हेच अवघड होतं. दादाला दर पंधरा दिवसांनी दीड तास चालणारी जी सलाईन लागत होती, त्यातलं औषध होतं इरिनोटेकॅन. ते बनतं कॅम्प्टोथेसिनपासून, आणि कॅम्प्टोथेसिन नरक्याच्या खोडात, सालीत, मुळांत असतं. हा पदार्थ पहिल्यांदा हाती लागला तो एका चिनी झाडातून, १९६६ साली, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी तो वेगळा काढला. वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले. पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषधही याच जोडीने शोधलं. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी जरा चढायचा. त्यानंतर १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की तोच पदार्थ आपल्या घाटातल्या या घाण वासाच्या झाडातही आहे, आणि भरपूर आहे.

मग साल उकळून का द्यायची नाही? आतेभावाला मी ओट्याशी बसवलं आणि सुतळीचा पिळलेला तुकडा हातात घेऊन सांगितलं. पेशी दुभंगायच्या आधी तिच्यातल्या डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सोडतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी अडकून बसतं. जोड लागत नाही, पुढे डीएनए तुटतो, पेशी मरते. कॅन्सरची पेशी सारखी दुभंगत असते म्हणून ती जास्त मरते. पण आतड्याच्या अस्तराच्या, रक्त तयार करणाऱ्या पेशीही सतत दुभंगत असतात. त्याही मरतात. सत्तरच्या दशकात कॅम्प्टोथेसिन माणसांना देऊन पाहिलं तेव्हा इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. विकराचं हे कोडं उलगडलं १९८५ साली, रेणूत बदल करून झाले, आणि नव्वदच्या दशकात कुठे इरिनोटेकॅन, टोपोटेकॅन ही त्यापासूनची औषधं रुग्णांपर्यंत पोचली. दादाला सलाईनच्या आधी अॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात, नाहीतर घाम आणि पोटातल्या कळांनी माणूस हैराण होतो. (अॅट्रोपिन आपल्या धोतऱ्यातही असतं. एका झाडाच्या विषावर दुसऱ्याचा उतारा.) डॉक्टर मिलिग्रॅम मोजून देतात तरी जुलाबांनी दादा कपड्यासारखा पिळून निघाला होता. त्यावर काढ्यातून किती जाईल, कोण सांगणार?

आतेभाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "माका वाटला, तेका बरा वाटात." मी त्याचा हात धरला. दुसरं काय करणार होते? तो भर पावसात एसटीने आला होता.

पण साल कुठली, हे मी विचारलंच. घरामागच्या बांधावरचं झाड होतं. खोडाची साल त्याने सगळीकडून गोल काढली होती.

नरक्याच्या नशिबी हे गेली कित्येक वर्षं आहे. मागणी परदेशापर्यंत, आणि सालीत कॅम्प्टोथेसिन वजनाच्या साधारण ०.३ टक्क्यांच्या आसपास. म्हणून अख्खी झाडं मुळांसकट निघतात, त्यांचे तुकडे करून पोत्यांत भरतात. नरक्याची तस्करी पकडल्याच्या बातम्या आमच्या सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे अधूनमधून वाचायला मिळतात. तोडणाऱ्याच्या हातात किलोमागे किरकोळ पैसे पडतात. माझा खरा राग पोती विकत घेणाऱ्यांवर आहे. या झाडाची रीतसर लागवड शेताच्या बांधावर, सरकारी रोपवाटिकांत कधीच व्हायला हवी होती. दादासारख्या माणसांना ही औषधं पुढेही लागणार आहेत.

डिसेंबरात मी त्या गावी गेले. बांधावरचं झाड वरून पार वाळलं होतं. आतेभावाला मी कोयता आणायला सांगितलं आणि खोड जमिनीपासून वीतभर ठेवून तिरकं तोडून घेतलं, कारण नरक्याला बुंध्यातून फुटवे येतात. वरच्या जंगलातून पडलेली पिकली फळं वेचली, गर धुऊन बिया त्याच दिवशी पिशव्यांत लावल्या. चाळीसपैकी नऊ रुजल्या.

दादाच्या बारा सायकली संपल्या. मे महिन्यात तो स्वतः माझ्याबरोबर गावी आला. बुंध्याला तीन फुटवे आले होते, गुडघ्याएवढे, आणि गुरांनी खाऊ नयेत म्हणून आतेभावाने भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. दादाने काट्यांतून हात घालून एक पान तोडलं, चुरडलं, वास घेतला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.